दुभत्याच्या कपाटात आज काय ठेवावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच पेचाभोवती फिरत आहेत. गावचे घर आवरले जाते, वाडा पाडून तिथे इमारत उभी राहते किंवा आईवडील लहान घरात राहायला येतात, आणि मग कपाटे, पेट्या, मांडण्या आणि फडताळाची दारे यांचे काय करायचे हा प्रश्न समोर येतो. काही वाचक याच्या उलट बाजूने आले आहेत : त्यांच्याकडे वारशाने काहीच आलेले नाही, पण नव्या घरात एखादे जुने कपाट असावे अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. नावे गाळली आहेत.

*प्रश्न : आम्ही नुकतेच दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहायला आलो आहोत. सगळीकडे सनमायकाची बंदिस्त कपाटे करून घेण्यापेक्षा निदान एक तरी जुने सागवानी कपाट घ्यावे, असे आम्हा दोघांना वाटते. निवड करताना सुरुवात कुठून करावी? (पुणे)*

सुरुवात दुकानापासून करू नये, घरातल्या सामानापासून करावी. जुने कपाट आवडले म्हणून आधी घ्यायचे आणि त्यात काय ठेवायचे ते नंतर ठरवायचे, या क्रमाने गेलेल्या अनेक घरांत मी सुंदर कपाटे अडगळीचे कोठार झालेली पाहिली आहेत. जुन्या काळातले प्रत्येक साठवणीचे लाकडी सामान एखाद्या ठरावीक वस्तूसाठी घडवलेले असे. कपड्यांचे कपाट घडी घातलेल्या लुगड्यांसाठी आणि धोतरांसाठी, पेटारा लग्नकार्यातल्या पातेल्यांसाठी किंवा रजयांसाठी, पेढीवरची उतरत्या झाकणाची पेटी हिशेबाच्या वह्यांसाठी, आणि जाळीचे कपाट दूधदुभत्यासाठी. ते मूळ काम समजले की आजचे काम त्याच्यावर लादावे लागत नाही, ते आपोआप सुचते.

सर्वांत जास्त फसगत खोलीच्या मापात होते. कपडे हँगरला आडवे टांगायचे असतील, तर कपाटाची आतली खोली साधारण २२ इंच असावी लागते, कारण हँगरच सतरा-अठरा इंच रुंद असतो आणि शर्टाचे खांदे त्याच्याही बाहेर येतात. घडीच्या कपड्यांसाठी केलेली जुनी कपाटे बहुधा यापेक्षा उथळ असतात. अशा कपाटात दांडी बसवली की दार लागत नाही. मग कोणी तरी मागची फळी कापून कपाट 'खोल' करून देण्याचा सल्ला देतो आणि कपाटाची वाट लागते. उथळ कपाट मिळाले, तर त्यात साड्या, चादरी, पुस्तके किंवा मुलांचे कपडे ठेवावेत आणि टांगायचे कपडे दुसरीकडे ठेवावेत.

दुसरे माप घराचे. भिंतीची लांबी सगळेच मोजतात. पण मोजायला हवे ते इमारतीच्या उद्वाहकाचे दार, जिन्याच्या वळणाची मोकळी जागा, सदनिकेच्या दाराची चौकट आणि शयनगृहाचे दार. जुन्या वाड्यांतली कित्येक मोठी कपाटे सुटी होतील अशी केलेली असत : वरची कोरीव पट्टी उचलून निघते, दारे बिजागऱ्यांतून सरकवून काढता येतात आणि बाजू पाचर मारून अडकवलेल्या असतात. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला ते उघडून दाखवायला सांगावे. जे सुटे होत नाही आणि जिन्याच्या वळणात मावत नाही, ते कितीही मोहक असले तरी सोडून द्यावे.

वजनाविषयीही एक शब्द. आपल्याकडे निवासी मजल्यांचे आराखडे भारतीय मानकानुसार साधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो इतका वापराचा भार गृहीत धरून केले जातात. एखादे कपाट उभे केल्याने काही बिघडत नाही. पण सागवानी पेटाऱ्यात गळ्यापर्यंत पुस्तके भरून, त्याच्या शेजारी तसाच दुसरा ठेवण्याचा विचार असेल, तर ते सामान खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईजवळच्या भिंतीला लावून ठेवावे आणि पुस्तकांचा भार दोन जागी वाटावा.

*प्रश्न : एका विक्रेत्याने आम्हाला एक कपाट 'दीडशे वर्षांपूर्वीचे, बर्मी सागाचे' म्हणून दाखवले. दिसायला ते फारच छान आहे, पण मन साशंक आहे. खरेपणा कसा ओळखावा? (डोंबिवली)*

आपली शंका रास्त आहे, आणि ती दोन भागांत विभागली तर तिचे उत्तर सोपे होते. लाकूड जुने असणे वेगळे आणि कपाट जुने असणे वेगळे. मुंबईत ब्रह्मदेशचा साग मोठ्या प्रमाणावर येत असे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली स्थापन झाली, ती मुख्यतः याच व्यापाराच्या आधाराने मोठी झाली. त्या सागाच्या तुळया, खांब, कठडे आणि दारे चाळींत आणि वाड्यांत लागली. आज त्या इमारती पाडल्या जातात, तेव्हा ते लाकूड चिरून त्याची नवी कपाटे होतात. यात गैर काहीच नाही, उलट इतके कसलेले लाकूड नव्याने मिळणे कठीण. मात्र ते 'जुन्या लाकडाचे नवे कपाट' म्हणूनच विकले जायला हवे आणि त्याची किंमतही त्याच हिशेबाने ठरायला हवी. याशिवाय जोधपूरसारख्या ठिकाणांहून आंब्याच्या किंवा शिसूच्या लाकडाचे, मुद्दाम झिजवलेले आणि गडद रंगवलेले सामानही बाजारात येते. ते वापरायला वाईट नसते, पण ते जुने नसते.

ओळखण्यासाठी कपाटाच्या समोरून बाजूला व्हावे आणि ते भिंतीपासून पुढे ओढून घ्यावे, कारण सोंग घेणारा कारागीर आपली मेहनत समोरच्या बाजूवर खर्च करतो. मागची फळी पाहावी : ती प्लायवूडची किंवा दाबलेल्या भुशाची असेल, तर निदान तेवढा भाग तरी अलीकडचा आहे. मग ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. हाताने रंधा मारलेल्या फळीवर उजेड तिरका पडू दिला की बारीक, किंचित लहरी पन्हळी दिसतात आणि बोटांनाही जाणवतात. यंत्रावर काढलेली फळी एकसारखी सपाट लागते. ड्रॉवरच्या कोपऱ्यांत कबुतराच्या शेपटीसारखा फाकत जाणारा जोड असेल, तर त्याचे दात मोजून पाहावेत. हाताने कापलेले दात एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, एखादा अरुंद, एखादा रुंद असतो. चौकटीचे जोड कूस आणि खाच यांचे, म्हणजे एका लाकडाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, असतील आणि त्यांतून लाकडी खुंटी आरपार गेलेली असेल, तर ते सुताराच्या हातचे काम होय, यंत्राचे नव्हे. आणि ती खुंटी आता पूर्ण गोल राहिलेली नसते, कारण लाकूड सगळ्या दिशांना सारखे आटत नाही.

झीज कुठे आहे, हा माझ्या मते सर्वांत विश्वासू साक्षीदार. कपाट उघडणाऱ्या माणसाचा हात रोज एकाच जागी लागतो : मुठीच्या भोवती, दाराच्या कडेला, ड्रॉवर ज्या पट्टीवर सरकतो तिच्या मध्यावर. तिथे लाकूड गुळगुळीत आणि गडद झालेले असले पाहिजे. जिथे कोणाचा हात पोहोचण्याचे काहीच कारण नाही अशा ठिकाणी घासल्याच्या खुणा, आणि हात लागतो तिथे मात्र कोरे लाकूड, असा उलटा प्रकार दिसला की ती झीज मुद्दाम घडवलेली आहे हे समजावे. स्क्रूसुद्धा बोलतात. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. त्यामुळे ते ज्या बिजागरीत आहेत ती बिजागरी त्या काळानंतर बसवलेली किंवा बदललेली आहे. एवढ्यावरून कपाट खोटे ठरत नाही, कारण बिजागऱ्या बदलाव्या लागतातच, पण त्याच्या शेजारी जुन्या स्क्रूची बुजवलेली भोके दिसायला हवीत.

राहिले ते सागाचे. सागाची फळी हाताला किंचित मेणचट, तुळतुळीत लागते, कारण तिच्यात नैसर्गिक तेल असते. वाढीची वलये स्पष्ट दिसतात. आणि आतल्या, न रंगवलेल्या जागी नख किंवा पटाशीची धार हलके फिरवली की चामड्याची आठवण करून देणारा वास येतो. शिसवीचे लाकूड सागापेक्षा जड, जांभळट-तपकिरी आणि काळसर रेघांचे असते. गडद पॉलिशखाली काय आहे हे समोरून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून हा तपास नेहमी आतल्या बाजूने करावा.

विक्रेता दीडशे वर्षांचा दावा करीत असेल, तर एक सरळ प्रश्न विचारावा. १९७२ च्या पुराणवस्तू आणि कलासंपदा कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते, आणि पुराणवस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. तो परवाना दाखवा म्हटल्यावर दीडशे वर्षांची बऱ्याचदा साठ-सत्तर होतात. साठ वर्षांचे, प्रामाणिकपणे केलेले सागवानी कपाट हीसुद्धा घरात आणण्याजोगी मोलाची गोष्ट आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

डोळा तयार व्हावा असे वाटत असेल, तर खरेदीआधी पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा सावकाश पाहावे. तिथली दारे, पेट्या आणि रोजच्या वापरातली लाकडी भांडीकुंडी न्याहाळत तासभर घालवला, की हाताचे काम आणि नक्कल यांतला फरक पुढे मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात उभे असताना आपोआप जाणवू लागतो.

*प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी सासूबाईंचे दुभत्याचे कपाट आहे, दोन्ही दारांना आणि बाजूंना जाळी असलेले. घर आता बंद राहते, म्हणून ते ठाण्याला आणायचे आहे. पायांजवळ बारीक भोके दिसतात आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. आणावे की नाही? आणले तर स्वयंपाकघरात त्याचा उपयोग काय? (ठाणे)*

जरूर आणावे, पण लगेच घरात घेऊ नये. दुभत्याचे कपाट हे आपल्याकडच्या गृहरचनेतले मला सर्वांत आवडते सामान आहे, कारण त्याच्यात विचार आहे. दुधाला वारा हवा, मांजर नको, मुंगी नको आणि माशी नको, एवढ्या चार अटी त्या सुताराने जाळी, कडी आणि उंच पाय यांच्या बळावर पूर्ण केल्या.

आधी किडीचे पाहू. पिठासारखा मऊ भुसा आणि साधारण एक-दोन मिलिमीटरची गोल भोके म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा. हे वाळवीचे काम नव्हे. वाळवी मातीच्या नळ्या करून येते आणि लाकूड आतून थरांनी खाते. हा भुंगेरा लाकडातल्या पिष्टावर जगतो आणि ते पिष्ट झाडाच्या बाहेरच्या, फिकट लाकडात असते. सागाच्या गाभ्याला तो सहसा शिवत नाही. कोकणातल्या घरगुती सामानात फणसाचे आणि आंब्याचे लाकूडही पुष्कळ वापरले जाई, आणि कपाटाची दर्शनी चौकट सागाची पण मागची फळी व पायांचे तुकडे हलक्या लाकडाचे, असे अनेकदा आढळते. आपल्या कपाटात कीड नेमकी कोणत्या तुकड्यांत आहे ते आधी पाहावे.

ती जिवंत आहे का, हे कळण्यासाठी पायांखाली काळा कागद पसरून ठेवावा, असलेली सगळी भोके मेणाने बुजवावीत आणि दोन-तीन आठवडे थांबावे. कागदावर ताजा, फिकट भुसा पडला किंवा मेण नसलेले नवे भोक दिसले, तर कीड चालू आहे. काही दिसले नाही तर ती जुनी गोष्ट असू शकते, पण पहिल्या पावसाळ्याच्या तोंडाशी ही तपासणी पुन्हा करावी, कारण आतल्या अळीला बाहेर यायला कित्येक महिने लागतात. कीड चालू असेल, तर बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे पाण्यातले द्रावण उपयोगी पडते. मात्र ते पॉलिशमधून आत जात नाही. म्हणून न रंगवलेल्या बाजूंनी, म्हणजे मागून, तळातून आणि पायांच्या बुडातून ते ब्रशने दोन-तीनदा मुरवावे आणि भोकांत सुईच्या पिचकारीने भरावे. हातमोजे घालावेत, लहान मुलांना दूर ठेवावे आणि जिथे अन्न टेकते त्या फळ्यांना हे द्रावण लावू नये. पाय हाताने दाबल्यावर भुसभुशीत लागत असतील, तर तेवढा भाग कापून तिथे सागाचा तुकडा जोडून घ्यावा. नुसते उन्हात ठेवण्यावर भिस्त ठेवू नये. जाड लाकडाच्या गाभ्यापर्यंत पुरेशी उष्णता पोहोचत नाही, आणि कडक उन्हाने फळ्या मात्र तडकतात.

आता उपयोग. आजच्या स्वयंपाकघरातली चकचकीत ट्रॉली कांद्यांना आणि बटाट्यांना कोंडून ठेवते, म्हणून ते कुजतात आणि कोंब धरतात. जाळीचे कपाट नेमके तेच दुखणे दूर करते. एका खणात कांदे-लसूण, दुसऱ्या खणात बटाटे आणि रताळी, असे वेगवेगळे ठेवावेत. वरच्या खणात पिकत घातलेले आंबे, केळी, चिकू ठेवता येतात, आणि मे महिन्यात ते कपाट उघडताना जो वास येईल तो शीतकपाटातून कधीच येणार नाही. निवलेली पोळी-भाकरी, नारळ, कोरड्या चटण्या, लोणच्याच्या बरण्या यांनाही ही जागा उत्तम. बरण्या मात्र सर्वांत खालच्या फळीवर, कारण वरच्या फळ्या त्या भारासाठी केलेल्या नसतात. जाळी गंजली असेल, तर त्याच विणीची स्टेनलेस स्टीलची जाळी बसवून घ्यावी आणि तिच्यावरच्या लाकडी पट्ट्या जुन्याच ठेवाव्यात.

एक जुनी पद्धत मात्र पुन्हा सुरू करू नये, ती म्हणजे मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची. साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या अशा वाट्यांत डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो, आणि पायांची बुडेही सतत ओली राहून कुजतात. त्याऐवजी प्रत्येक पायाला जमिनीपासून चार बोटे वर पेट्रोलियम जेलीचा एक पट्टा लावावा आणि तो पंधरवड्याने पुसून नव्याने लावावा.

*प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या वेळचे, तेलरंग दिलेले हिरवे लाकडी कपाट आहे. मुलाला ते खरवडून पांढरे रंगवायचे आहे, मला मूळ लाकूड दिसावे असे वाटते. आपण काय सांगाल? (नाशिक)*

रंगाच्या वादाआधी आरोग्याची बाब सांगणे मला भाग आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या तेलरंगांत, विशेषतः हिरव्या, पिवळ्या आणि लाल छटांत, शिसे असण्याची बरीच शक्यता असते. म्हणून असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने किंवा यंत्राने घासू नये आणि ज्योतीने जाळून काढू नये. ती धूळ आणि तो धूर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला हानिकारक आहे, गर्भवती स्त्रियांनाही धोक्याचा आहे. रंग काढायचाच असेल, तर तो घराबाहेर, रासायनिक लेपाने मऊ करून, ओल्यानेच खरवडावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि निघालेली खपली गोळा करून बंद पिशवीत टाकावी. घरात तान्हे मूल असेल, तर हे काम आत्ता काढूच नये.

आता माझे मत. रंग अजून घट्ट असेल, कुठे सुटत किंवा चुरा होत नसेल, तर तो हिरवा रंग आहे तसाच ठेवावा. तो रंगही त्या कपाटाच्या आयुष्याचा भाग आहे, आणि पांढऱ्या भिंतीसमोर जुना, मवाळ झालेला हिरवा फार शोभतो. ओल्या फडक्याने पुसून, वरून पारदर्शक लेप दिला की जुना रंग आत बंदिस्त होतो. रंग सुटू लागला असेल, तर आपल्या इच्छेप्रमाणे लाकूड मोकळे करावे. पण आधी दाराच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा भाग उघडून पाहावा. पुष्कळदा हलक्या लाकडालाच तेलरंग देत असत, आणि महिनाभराच्या कष्टानंतर खाली ठिगळे लावलेले आंब्याचे लाकूड निघाल्यावर होणारी निराशा टळते.

लाकूड चांगले निघालेच, तर त्याला चपडा लाखेचे पॉलिश द्यावे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने पातळ थरांत चढवायची ही पद्धत वेळखाऊ आहे. शिवाय गरम कप आणि पाणी यांचे पांढरे डाग तिच्यावर पडतात, हे खरे आहे. तरीही मी तिचाच आग्रह धरते, कारण तो थर स्पिरिटने पुन्हा मऊ होतो, डाग बुजवता येतो आणि पुढच्या पिढीला तो सहज काढता येतो. पॉलीयुरेथेनचा थर टणक असतो, पण तो खराब झाला की यंत्राने तासल्याशिवाय निघत नाही, आणि त्या तासण्यात रंध्याच्या खुणा, हातांनी आलेली झिलई, सगळेच जाते. माझ्या आजीच्या फणीपेटीचे असेच झाले. मी ती एका कारागिराकडे विश्वासाने सोपवली आणि ती परत आली तेव्हा नवी कोरी दिसत होती. तिच्या झाकणावरची, आजीच्या अंगठ्याने पडलेली खोलगट खूण नाहीशी झाली होती. तेव्हापासून मी काम सोपवताना काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे लिहून देते.

जोडांच्या बाबतीतही हाच नियम मी पाळते. जुने जोड प्राणिज सरसाने चिकटवलेले असत. तो सरस कोमट पाण्याने आणि वाफेने सुटतो, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही सुतार ती खुर्ची किंवा ते कपाट उघडून दुरुस्त करू शकतो. ढिला जोड सापडला की त्यात खिळा ठोकू नये आणि जुन्या सरसावरच आजचा पांढरा गोंद ओतू नये. जुना थर स्वच्छ करून पुन्हा सरसच वापरणारा सुतार शोधावा. तसेच जवसाचे तेल लावलेली फडकी काम झाल्यावर चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. ती स्वतःहून तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा बाहेर मोकळी पसरून वाळू द्यावीत.

*प्रश्न : आईच्या लग्नातले गोदरेजचे लोखंडी कपाट जुन्या सामानात धरावे का? की भंगारात द्यावे? (कोल्हापूर)*

भंगारात मुळीच देऊ नये. गोदरेजने पोलादी कपाटे करायला १९२३ साली सुरुवात केली, आणि महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत त्या कपाटाच्या आतल्या तिजोरीत दागिन्यांबरोबर जन्मपत्रिका, शाळेचे दाखले आणि जमिनीचे उतारे राहिले. वाळवी नाही, भुंगेरा नाही, पावसाळ्यात दार फुगत नाही. गंज बहुधा तळाच्या पत्र्याला आणि मागच्या बाजूला, लादी धुतल्याचे पाणी लागून येतो. तो तारेच्या ब्रशने काढून, गंजरोधक अस्तर देऊन मग रंग द्यावा. शिशाविषयी वर लिहिले आहे ते जुन्या लोखंडी कपाटांच्या रंगालाही लागू आहे. रंग टिकाऊ हवा असेल, तर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड चढवून ती भट्टीत पक्की करण्याचे काम, करून घ्यावे. त्यात पत्रा सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसला भट्टीत तापवतात, म्हणून आरसा, कुलूप, मुठी आणि रबरी भाग आधी काढून द्यावेत. आरशाला काळे ठिपके पडले असतील तर तो बदलण्याची घाई करू नये. कुलपाची दुसरी किल्ली मात्र आत्ताच करून ठेवावी.

*प्रश्न : मी न्यू जर्सीला राहतो. पणजीचा शिसवी पेटारा गावी आहे आणि तो इकडे न्यावा अशी फार इच्छा आहे. काही अडचण येईल का? (न्यू जर्सी)*

येईल, आणि ती आधीच समजून घेतलेली बरी. वर उल्लेखिलेल्या १९७२ च्या कायद्यानुसार पुराणवस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा पेटारा शंभरीच्या आसपास असणार, म्हणून सामान बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून ती वस्तू पुराणवस्तू नाही असे प्रमाणपत्र मिळवावे लागेल. ती पुराणवस्तू ठरली, तर प्रश्न तिथेच संपतो. दुसरी अडचण लाकडाची. शिसवीसह डालबर्जिया या वनस्पतिगटातल्या वृक्षांना २०१७ पासून वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराचे, म्हणजे साइटीसचे, संरक्षण आहे. तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सवलत आहे, पण शिसवी पेटारा एकट्याने उचलवत नाही, तो त्या मर्यादेत बसणार नाही. म्हणजे परवाना लागेल. त्याशिवाय ज्या लाकडी खोक्यात तो बांधला जाईल, त्या खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का असलेले हवे.

इतके करून तो पोहोचला, तरी तिकडच्या हिवाळ्यात तापवलेल्या घराची कोरडी हवा कोकणात किंवा देशावर शतकभर राहिलेल्या लाकडाला सोसत नाही. फळ्या आटतात आणि तडा जातो. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण आपल्या पत्रातली ओढ मला समजते. माझा सल्ला असा की पेटारा इथल्याच एखाद्या भावंडाच्या घरी, रोजच्या वापरात राहू द्यावा, आणि त्याच्यातली पणजीची एखादी घडीची वस्तू, रजई किंवा लुगडे, आपण घेऊन जावे.

*प्रश्न : दीड वर्षाचा नातू घरात आहे. बैठकीच्या खोलीत झाकणाचा जुना पेटारा आणि उंच, अरुंद पुस्तकांचे कपाट ठेवले आहे. काही काळजी घ्यावी का? (छत्रपती संभाजीनगर)*

घ्यावी, आणि आजच घ्यावी. उंच कपाटाचे ड्रॉवर किंवा दारे पायऱ्यांसारखी धरून मूल वर चढू पाहते आणि कपाट पुढे कलंडते. कपाटाच्या वरच्या मागच्या पट्टीतून धातूचे दोन कोन भिंतीत पक्के बसवावेत. दोन स्क्रूंची भोके पडतील. जुन्या लाकडाला न दुखवण्याचा माझा आग्रह या एका ठिकाणी मी सोडते. जड पुस्तके सर्वांत खाली ठेवावीत आणि मुलाला हवीशी वाटेल अशी कोणतीही वस्तू कपाटाच्या माथ्यावर ठेवू नये. भिंत बाहेरच्या बाजूची असेल, तर कपाट आणि भिंत यांच्यात दोन बोटे जागा राखण्यासाठी मध्ये लाकडी ठोकळा घालावा, म्हणजे पावसाळ्यात मागची फळी बुरसणार नाही.

पेटाऱ्याचा धोका वेगळा आहे. त्याचे झाकण जड असते, ते बोटांवर आणि मानेवर पडते. आणि बाहेरची कडी कोयंड्यात आपोआप अडकणारी असेल, तर आत लपलेल्या मुलाला ते उघडता येत नाही, आत हवाही पुरत नाही. कोयंडा पूर्ण काढून, त्याच्या स्क्रूंसह कापडी पिशवीत घालून पेटाऱ्याच्याच तळाशी ठेवावा, म्हणजे नातू मोठा झाल्यावर तो परत बसवता येईल. झाकण कोणत्याही कोनात थांबून राहील असा आधार दोन्ही बाजूंना लावून घ्यावा. झाकण आणि कड यांच्यामध्ये पुढच्या बाजूला दोन लाकडी गुटके बसवावेत, म्हणजे झाकण मिटले तरी बोटभर फट राहते आणि तिच्यातून हवा आत जात राहते. आत डांबरगोळ्या असतील तर त्या आजच काढाव्यात. एक गोळी जरी तोंडात गेली तरी लहान मुलाच्या रक्तावर गंभीर परिणाम होऊ शकतो. त्यांच्याऐवजी वाळवलेला कडुलिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि तो दर दोन महिन्यांनी बदलावा.